रंगमंचीय गीतमालिका आणि हरवणारे दृश्यमुद्रण : मायकेल जॅक्सन यांच्या अंधेरी येथील कार्यक्रमाच्या संदर्भात

बीजसंज्ञा : गीतमालिका, वाद्यवृंद, दृश्यमुद्रण, प्रयोगकर्त्याचे हक्क, जतन, मुंबई उपनगर

प्रस्तावना

१ नोव्हेंबर १९९६ रोजी मुंबई उपनगरातील अंधेरी क्रीडा संकुलात अमेरिकन गायक व नर्तक मायकेल जॅक्सन यांचा कार्यक्रम झाला. ‘हिस्टरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या जागतिक दौऱ्यातील हा भारतातील एकमेव कार्यक्रम होता. ७ सप्टेंबर १९९६ रोजी प्राग येथे सुरू झालेला हा दौरा १५ ऑक्टोबर १९९७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे संपला. क्वालालंपूरचे कार्यक्रम आटोपून जॅक्सन मुंबईत आले व येथून बँकॉकला गेले. अंधेरीच्या कार्यक्रमाचे आयोजन राज ठाकरे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या शिव उद्योग सेनेने केले होते आणि व्यवस्थापन विझक्राफ्ट या संस्थेकडे होते.

या घटनेची चर्चा आजवर प्रामुख्याने राजकारण, संस्कृती आणि करमणूक कर या तीन अंगांनी झाली. विमानतळावर नऊवारी नेसलेल्या सोनाली बेंद्रे यांनी केलेले औक्षण आणि ‘मातोश्री’वरील भेट यांची छायाचित्रे लोकांच्या स्मरणात आहेत. परंतु त्या रात्री रंगमंचावर प्रत्यक्ष काय वाजले, हा संगीताच्या अभ्यासाचा मूळ प्रश्न मात्र बाजूला राहिला. प्रस्तुत लेखात रंगमंचीय गीतमालिकेचे स्वरूप, तिचे दृश्यमुद्रणावरील अवलंबित्व आणि असे मुद्रण हरवण्याची कारणे यांचे विवेचन केले आहे.

गीतमालिका : संकल्पना व घडण

अनेक गाण्यांचे निवडक भाग सलग जोडून, मध्ये न थांबता सादर करण्याच्या पद्धतीस पाश्चात्त्य संगीतात ‘मेडली’ म्हणतात. मराठीत तिला गीतमालिका म्हणता येईल. आपल्याकडील वादक तिला ‘नॉनस्टॉप’ असेही म्हणतात. वरवर पाहता हे केवळ संक्षिप्तीकरण वाटते. लांबलचक गाण्याचा मुखडा आणि एखादा अंतरा घ्यावा व पुढे जावे, इतकेच ते असावे असा समज होतो. प्रत्यक्षात मालिकेची खरी रचना गाण्यांत नसून गाण्यांमधील सांध्यांत असते.

दोन गाण्यांची पट्टी वेगळी असेल तर एक गाणे मूळ पट्टीतून हलवावे लागते किंवा सांध्यावर पट्टी बदलणारी स्वरसंगती योजावी लागते. लय वेगळी असेल तर ढोलवादक एखाद्या तुकड्यातून नवी लय प्रस्थापित करतो. गायकाला श्वास घेण्यास, नर्तकांना जागा बदलण्यास किंवा श्रोत्यांचा प्रतिसाद ओसरण्यास वेळ हवा असेल, तर वाद्यवृंद दोन-चार मात्रांची एकच आकृती पुन्हा पुन्हा वाजवत राहतो आणि गायकाचा इशारा होताच पुढे सरकतो. ही आकृती किती वेळा वाजेल हे कागदावर ठरलेले नसते. त्यामुळे एकाच दौऱ्यातील दोन कार्यक्रमांत तीच मालिका तंतोतंत सारखी नसते.

यावरून एक महत्त्वाचे अनुमान निघते. मूळ गाणे स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेले असते. त्याची तबकडी, कॅसेट वा सीडी हजारो घरांत असते. सांधा मात्र फक्त प्रयोगात जन्माला येतो. प्रयोगाचे मुद्रण नसेल तर मालिकेची संहिताच नष्ट होते, मग तिच्यातील प्रत्येक गाणे स्वतंत्रपणे सुरक्षित का असेना.

‘हिस्टरी’ दौऱ्यातील मालिका

या दौऱ्यात गीतमालिकांना मोठे स्थान होते. कार्यक्रमाचा आरंभच ‘स्क्रीम’, ‘दे डोन्ट केअर अबाउट अस’ आणि ‘इन द क्लोझेट’ यांच्या सलग सादरीकरणाने होई. पुढे ‘जॅक्सन फाइव्ह’ या भावंडांच्या गटाच्या काळातील ‘आय वाँट यू बॅक’, ‘द लव्ह यू सेव्ह’ व ‘आय’ल बी देअर’ ही १९६९-७० मधील गाणी एका मालिकेत गुंफली जात. १९९६ च्या टप्प्यातील काही कार्यक्रमांत १९७९ च्या ‘ऑफ द वॉल’ या संग्रहातील तीन गाण्यांची मालिकाही घेतली जाई. नंतर ती वगळण्यात आली. संगीत दिग्दर्शन ब्रॅड बक्सर यांच्याकडे होते. ढोलवादनास जोनाथन मॉफेट, तर गिटारवादनास जेनिफर बॅटन व डेव्हिड विल्यम्स यांच्यासारखे नामवंत वादक होते.

या दौऱ्यातील अनेक गाण्यांना आधी मुद्रित केलेल्या आवाजाची साथ होती आणि त्यावर टीकाही झाली. परंतु याच कारणामुळे मालिकांचे अभ्यासमूल्य वाढते. वाद्यवृंदाने दौऱ्यासाठी नव्याने काय घडवले, हे स्वतंत्र गाण्यांपेक्षा मालिकांच्या सांध्यांत अधिक स्पष्ट दिसते. ‘ऑफ द वॉल’ची मालिका कोणत्या शहरात झाली, कोठे लांबली, कोठे आखडली, याचा शोध घ्यायचा तर त्या त्या रात्रीच्या मुद्रणावाचून अन्य साधन नाही.

मात्र या दौऱ्यातील प्रत्येक कार्यक्रमाचे पूर्ण दृश्यमुद्रण रसिकांपर्यंत पोहोचलेले नाही. जुलै १९९७ मधील म्युनिक येथील कार्यक्रमांचे दूरचित्रवाणीसाठी चित्रण झाले आणि त्याच्या प्रती रसिकांत फिरत राहिल्या. अंधेरीच्या कार्यक्रमाची सार्वजनिक स्मृती मात्र बातम्यांतील तुकडे, छायाचित्रे आणि प्रेक्षकांच्या आठवणी यांवरच उभी आहे.

मुद्रण कसे होते व कसे हरवते

मोठ्या मैदानावरील कार्यक्रमात दूरच्या प्रेक्षकांसाठी भव्य पडदे लावलेले असतात. अनेक कॅमेऱ्यांची दृश्ये एका ठिकाणी एकत्र येतात. तेथील तंत्रज्ञ क्षणोक्षणी एक दृश्य निवडून पडद्यावर पाठवतो. या निवडलेल्या दृश्यप्रवाहाला मुद्रणयंत्र जोडले तरच तो टिकतो. म्हणजे पडद्यावर दिसले म्हणून ते मुद्रित झाले असे नव्हे. मुद्रण झाले तरी न निवडलेल्या कॅमेऱ्यांची दृश्ये स्वतंत्रपणे नोंदवली नसल्यास ती कायमची जातात. ढोलवादकाचा हात वा संगीत दिग्दर्शकाचा इशारा बहुधा अशाच न निवडलेल्या दृश्यांत असतो.

याचे बोलके उदाहरण जॅक्सन यांच्याच आधीच्या ‘बॅड’ दौऱ्यात आढळते. १६ जुलै १९८८ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर झालेल्या कार्यक्रमाची डीव्हीडी २०१२ मध्ये प्रकाशित झाली. ती तयार करताना उत्तम दर्जाची मूळ मुद्रिका उपलब्ध नव्हती. मैदानावरील पडद्यासाठीच्या दृश्यप्रवाहाची, जॅक्सन यांच्या स्वतःच्या संग्रहातील व्हीएचएस कॅसेट आधाराला घ्यावी लागली. जगातील सर्वाधिक लोकप्रिय गायकाच्या बाबतीतही एका घरगुती कॅसेटवर इतिहास तगून होता. याउलट १९९२ मधील बुखारेस्टचा कार्यक्रम दूरचित्रवाहिनीवर प्रक्षेपित झाला म्हणून तो टिकला आणि २००५ मध्ये डीव्हीडी स्वरूपात बाहेर आला. प्रक्षेपण, म्हणजेच अनेक ठिकाणी प्रती असणे, हेच येथे जतनाचे कारण ठरले.

चुंबकीय फीत नाशवंत असते. फितीवरील चुंबकीय कण धरून ठेवणारा थर हवेतील आर्द्रता शोषतो, चिकट होतो आणि फीत यंत्रात अडकू लागते. मुंबईच्या पावसाळ्यात बुरशीची भर पडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उपनगरांतील तळमजले पाण्याखाली गेले. अशा आपत्तीत कपाटातील एकुलती एक फीत वाचणे अवघडच. फीत वाचली तरी ती चालवणारे यंत्र हवे. व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन करणाऱ्या फुनाई या अखेरच्या जपानी कंपनीने २०१६ मध्ये ते थांबवले. याशिवाय फीत महाग असताना जुन्या मुद्रणावर नवे मुद्रण करण्याची प्रथा सर्वत्र होती. १९६९ च्या चांद्रावतरणाच्या मूळ संकेतांच्या फितीही पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष खुद्द नासाला २००९ मध्ये काढावा लागला.

हक्कांचा गुंता

मुद्रण सापडले तरी ते प्रकाशित होईलच असे नाही. गीतमालिकेच्या बाबतीत ही अडचण अधिक बिकट असते. ‘ऑफ द वॉल’ मालिकेतील दोन गाणी रॉड टेम्परटन यांची, तर तिसरे स्वतः जॅक्सन यांचे. ‘जॅक्सन फाइव्ह’ मालिकेतील गाण्यांमागे मोटाउन कंपनीचे निरनिराळे लेखक-संगीतकार आहेत. दहा मिनिटांच्या सादरीकरणासाठी अनेक हक्कधारकांची संमती आवश्यक ठरते. शिवाय गायक व वादक यांचे प्रयोगकर्ते म्हणून स्वतंत्र हक्क असतात. भारतात १९५७ च्या प्रतिमुद्राधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने असे हक्क मान्य झाले. अंधेरीचा कार्यक्रम झाला तेव्हा त्यांची मुदत २५ वर्षे होती. १९९९ च्या दुरुस्तीने ती ५० वर्षे झाली. हे हक्क न्याय्यच आहेत. परंतु हक्कांचा निकाल लागेपर्यंत फीत टिकवण्याची जबाबदारी कोणाची, याविषयी कायदा मौन बाळगतो.

कागद उरतो, ध्वनी उरत नाही

या संदर्भात अंधेरीच्या कार्यक्रमाचा दुसरा इतिहास उद्बोधक आहे. तत्कालीन राज्य शासनाने कार्यक्रमास करमणूक करातून सूट दिली. मुंबई ग्राहक पंचायतीने तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि कराची रक्कम न्यायालयात अडकून राहिली. २०११ मध्ये न्यायालयाने सवलतीचा निर्णय रद्द करून शासनास फेरनिर्णय घेण्यास सांगितले. जानेवारी २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुन्हा सूट मंजूर केली. तीन कोटी रुपयांहून अधिक रकमेचा हा प्रश्न जवळजवळ पाव शतक चालला.

या काळात चार-पाच सरकारे बदलली, तरी कराची कागदपत्रे टिकली. कारण न्यायालय, मंत्रालय आणि याचिकाकर्ती संस्था या तिन्ही ठिकाणी ती जपणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम होते. ज्या प्रयोगावर हा कर आकारला गेला, त्याचे सूर जपणे हे मात्र कोणाचेच काम नव्हते. जतन हा वस्तूच्या मोलापेक्षा जबाबदारीच्या वाटपाचा प्रश्न आहे, हे यातून स्पष्ट होते.

उपनगरातील गीतमालिका

हा प्रश्न एका परदेशी गायकापुरता मर्यादित नाही. प्रमिला दातार यांचे ‘सुनहरी यादें’, अशोक हांडे यांचे ‘मंगलगाणी दंगलगाणी’ यांसारख्या कार्यक्रमांनी महाराष्ट्रात वाद्यवृंदाची स्वतंत्र अभिरुची घडवली. बोरीवलीत प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहासारखी रंगमंदिरे आणि नवरात्रातील मैदाने ही अशा संगीताची नित्याची स्थाने आहेत. फाल्गुनी पाठक यांच्या बोरीवलीतील गरब्याच्या कार्यक्रमांत हजारो नर्तकांसाठी वाद्यवृंद दीर्घकाळ सलग वाजत राहतो. पारंपरिक गरबा, चित्रपटगीत आणि स्वतःची लोकप्रिय गाणी एकाच ठेक्याच्या ओघात जोडली जातात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास मनाई असते. मोजक्या दिवशीच बारापर्यंत सवलत मिळते. उपलब्ध वेळेत अधिकाधिक गाणी बसवण्याची ही गरजही मालिकेला पोषक ठरते.

या मालिका जोडणारे बहुसंख्य वादक अनाम राहतात. हिंदी चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांसारख्या गोमंतकीय संयोजकांचे कर्तृत्व उशिरा का होईना, पण अभ्यासले गेले. कारण त्यांचे काम चित्रपटांत व तबकड्यांत मुद्रित होते. मैदानावरील वादकाचे कौशल्य त्या रात्रीबरोबर संपते. आता प्रेक्षक भ्रमणध्वनीवर चित्रण करतात, पण ते बहुधा गायकाचे आणि अर्ध्या मिनिटाचे असते. सांधा त्यात क्वचितच सापडतो.

समारोप

१९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांत जमा करावी लागते. १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने चित्रपटांसाठी मोठे कार्य केले. तथापि तोपर्यंत १९३१ चा ‘आलम आरा’ हाताबाहेर गेला होता. जुन्या तबकड्यांसाठी १९९० पासून मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही रसिकांची संस्था काम करीत आली आहे. रंगमंचीय संगीताच्या दृश्यमुद्रणासाठी मात्र पुस्तकांप्रमाणे प्रत जमा करण्याचे कोणतेही बंधन नाही.

यावर काही उपाय सहज शक्य आहेत. मैदान वा नाट्यगृह देताना झालेल्या मुद्रणाची एक प्रत ठरावीक काळ बंद ठेवून जमा करण्याची अट घालता येईल. त्यामुळे हक्कधारकांचे नुकसान होणार नाही. कार्यक्रमाची गीतसूची, वादकांची नावे आणि मालिकांचा क्रम यांची लेखी नोंद तर विनाखर्च ठेवता येते. उपनगरातील महाविद्यालयांच्या संगीत व माध्यम विभागांना वादक, ध्वनितंत्रज्ञ व चित्रणकार यांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या घरातील फितींची सूची करणे शक्य आहे. १९९६ मध्ये तिशीत असलेले तंत्रज्ञ आज साठीच्या आसपास आहेत आणि त्यांच्या कपाटातील फितींचे आयुष्य त्यांच्यापेक्षाही कमी आहे. म्हणून या कामास विलंब परवडणारा नाही.