सोन्याचा वर्ख चढवायला शिकायचंय पण बजेट नाही? आधी हा हिशोब बघा

दिवाळीची साफसफाई सुरू असते. भिंतीवरची आजोबांच्या काळातली सोनेरी चौकटीची तसबीर खाली उतरते आणि कुणीतरी तिच्यावर ओलं फडकं फिरवतं. धूळ जाते, पण फडक्यावर सोनेरी चमक उतरलेली असते आणि चौकटीच्या कडांना लालसर माती दिसायला लागते. घाबरून हार्डवेअरच्या दुकानातून सोनेरी रंगाची डबी आणली जाते, सगळ्या चौकटीला एक हात मारला जातो. काही वर्षांत तो रंग तपकिरी पडतो. खालचं खरं सोनं तोवर कायमचं झाकलं गेलेलं असतं.

हे नुकसान होतं ते एका गोष्टीमुळे. वर्ख म्हणजे काय आणि तो लाकडावर कशाच्या जोरावर टिकतो, हे बहुतेकांना माहीत नसतं. आता रील्समुळे या कलेबद्दल कुतूहल वाढलंय. मऊ ब्रशवर तरंगणारं सोन्याचं पान, एक फुंकर, आणि लाकूड सोन्याचं! बघणाऱ्याला दोनच प्रश्न पडतात. हे घरी जमेल का? आणि सोनं १० ग्रॅमला लाखाच्या वर गेलेलं असताना परवडेल का?

तर आधी पैशाचं बोलू.

सोन्याच्या वर्खाचं प्रचलित पान साधारण ८ सेंटिमीटर लांब, ८ सेंटिमीटर रुंद असतं आणि जाडी साधारण ०.१ मायक्रॉन. माणसाचा केस याच्या कित्येक शे पट जाड असतो. या मापांवरून हिशोब केला तर एका पानात जेमतेम १२ मिलिग्रॅम सोनं भरतं. १० ग्रॅमला १ लाख रुपये हा भाव धरला, तर एका पानातलं सोनं सव्वाशे रुपयांच्या आसपास. घडणावळ, विक्रेत्याचा नफा आणि रोजचा भाव याच्यावर चढतो ते वेगळं. तळहाताएवढ्या, म्हणजे १० बाय १० सेंटिमीटरच्या फळीला वाया जाणारं धरून चार पानं लागतात. म्हणजे शिकाऊ माणसाचं दिवाळं सोन्यामुळे निघत नाही.

याच हिशोबाचा दुसरा उपयोग ऑनलाइन खरेदीत होतो. वर्ख सहसा २५ पानांच्या पुस्तिकेत येतो. पूर्ण मापाच्या अशा पुस्तिकेत नुसतं सोनंच तीन हजारांच्या पुढे जातं. त्यामुळे ‘२४ कॅरेट, १०० पानं, फक्त ३०० रुपये’ असं कुठे दिसलं, तर एकतर पान नखाएवढं असणार किंवा ते सोनं नसणार. माप बघितल्याशिवाय ‘बाय नाऊ’ दाबायचं नाही.

सोनं नसेल तर मग काय असतं? बहुतेक वेळा तांबं आणि जस्ताचा मिश्रधातू, म्हणजे सरळ भाषेत पितळ. याला इमिटेशन लीफ म्हणतात. पान मोठं असतं, बहुधा १४ बाय १४ सेंटिमीटर, आणि जाड असल्यामुळे चिमटीत धरता येतं. खऱ्या वर्खाला बोट लावलं की तो बोटालाच चिकटून विरतो. काजूकतलीवरचा चांदीचा वर्ख बोटाला लागतो ना, तसंच. आणखी एक गंमत म्हणजे खरं पान उजेडासमोर धरलं तर त्यातून हिरवट निळसर प्रकाश आरपार येतो. पितळेतून तो रंग दिसत नाही.

पण पितळी पानाला नाक मुरडायचं कारण नाही. सुरुवात त्यानेच करायची. काही शे रुपयांत शंभर पानं मिळतात आणि दहा फाटली तरी जीव खालीवर होत नाही.

सोपी पद्धत कोणती?

वर्ख चढवायच्या दोन मुख्य पद्धती आहेत, तेलावरची आणि पाण्यावरची. नवख्याने तेलावरच्या पद्धतीने सुरुवात करावी. यात जवसाच्या तेलापासून बनवलेला चिकटा, म्हणजे साइझ, पृष्ठभागावर लावतात आणि तो अर्धवट सुकला की त्यावर पान ठेवतात. बाजारात पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक साइझही मिळतो. तो लवकर तयार होतो, वासही कमी येतो. सरावाला चालतो.

सगळी गंमत त्या ‘अर्धवट’ शब्दात आहे. साइझ ओला असताना पान ठेवलं तर ते त्यात बुडतं, सुरकुततं आणि चमक मरते. फार सुकला असेल तर पान चिकटतच नाही. योग्य वेळ ओळखायला बोटाचं पेर टेकवून बघायचं. ओढताना हलकासा टक आवाज यावा, पण पेराला काही लागू नये. कोरड्या हवेत हे तीन तासांत जमत असेल तर पावसाळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून बाटलीवर छापलेल्या तासांपेक्षा पेरावर विश्वास ठेवलेला बरा. आणि साइझ जितका पातळ लावाल तितकं उत्तम. कोपऱ्यात, नक्षीच्या खाचेत तो साचला की तिथलं सोनं निस्तेज दिसणार, हे नक्की.

त्याआधी लाकूड पॉलिश पेपरने गुळगुळीत करून त्यावर चपडा लाखेचे दोन हात द्यायचे. नाहीतर कोरडं लाकूड साइझ पिऊन टाकतं. खाली पिवळा किंवा गेरूसारखा लाल रंग दिला तर पानाला पडलेल्या बारीक फटी डोळ्याला खटकत नाहीत. पान ठेवताना शेजारच्या पानावर थोडं चढवायचं, कापसाने हलकं दाबायचं, सुकल्यावर मऊ ब्रशने जास्तीचे तुकडे झाडायचे. पंखा बंद. खिडकी बंद. मे महिन्यात मुंबईत हे करून बघणाऱ्याला साधना म्हणजे काय ते कळतं.

पितळी पानाला घामाचे हात लागले की तिथे काळे-हिरवे डाग पडतात. त्यामुळे सुती हातमोजे घालायचे आणि शेवटी लाखेचा किंवा वॉर्निशचा हात मारायचा. खऱ्या सोन्याला काळं पडण्याची भीती नसते.

मग ती आरशासारखी झळाळी कशी येते?

ती तेलावरच्या पद्धतीत येत नाही. रील्समध्ये दगडाने घासून उजळणारं जे सोनं दिसतं, ते पाण्यावरच्या पद्धतीचं असतं. खरं शिकणं इथे सुरू होतं, आणि वेळही इथेच जातो.

या पद्धतीत सोन्याखाली थरांची एक गादीच असते. आधी लाकडाला पातळ सरसाचा हात. मग गेसो, म्हणजे सरस आणि खडूची पूड यांचं मिश्रण, एकावर एक सहा-आठ थर. तो घासून हस्तिदंतासारखा गुळगुळीत करायचा. त्यावर अतिशय बारीक चिकणमातीचे काही हात, बहुतेकदा लाल मातीचे. या मातीला ‘बोल’ म्हणतात. तसबिरीच्या कडेला फडक्याखाली उघडी पडलेली लाल माती ती हीच. या मातीवर पाणी, थोडं अल्कोहोल आणि नावाला सरस असं मिश्रण फिरवलं की पान ब्रशवरून अक्षरशः उडी मारून खाली बसतं. काही तासांनी, थर पूर्ण सुकण्याआधी, अकीक दगडाच्या गुळगुळीत टोकाने घासून त्याला ओप द्यायचा. मऊ मातीवर सोनं दाबलं जातं आणि झळाळतं.

या सगळ्याला धरून ठेवतो तो सरस, आणि सरस पाण्यात विरघळतो. म्हणून ओल्या फडक्याने सोनं निघून आलं. अशी जुनी चौकट मऊ कोरड्या ब्रशने झाडायची, बस. त्यापुढचं काम जाणकार संवर्धकाचं. चार आठवडे वर्ख शिकलेल्या माणसानेही घरातल्या जुन्या वस्तूवर हात साफ करू नये.

थर तडकतात ते बहुधा एका चुकीमुळे. वरचा थर खालच्यापेक्षा जास्त सरसाचा झाला की सुकताना आखडतो आणि खालच्याला ओढतो. म्हणून सर्वांत जास्त सरस तळाला आणि वर जाताना कमी. सरस रात्रभर भिजवायचा, साधारण १ भागाला १० ते १२ भाग पाणी, आणि गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवायचा. उकळला तर त्याची ताकद जाते. उन्हाळ्यात दोन दिवसांत त्याला वास सुटतो, म्हणून लागेल तेवढाच करायचा. युरोपात सशाच्या कातड्याचा सरस वापरतात. सरावापुरता दाणेदार साधा सरस घ्यायला हरकत नाही, फक्त आधी टाकाऊ तुकड्यावर लावून बघायचा.

एक फसगत मात्र टाळायची. आर्टच्या दुकानात ‘गेसो’ नावाने मिळणारी पांढरी बाटली ॲक्रिलिकची असते. कॅनव्हासला ती उत्तम, पण पाण्यावरच्या वर्खाला उपयोगाची नाही. तिच्यात पाणी शोषलं जात नाही आणि तिच्यावर ओपही चढत नाही.

अवजारांत पैसे वाचवता येतात. वर्ख कापायची गादी म्हणजे प्लायचा तुकडा, त्यावर कापूस आणि वरून गाडी पुसायचं शॅमॉय कातडं ताणून ठोकलेलं. पान उचलायला कारागीर खारीच्या केसांचा चपटा ब्रश वापरतात आणि तो आधी स्वतःच्या गालावरून फिरवतात. गालावरचं किंचित तेल पान धरायला पुरतं. नवख्याने ट्रान्सफर लीफ घ्यावी. ती पातळ कागदावर हलकी चिकटवलेली असते, त्यामुळे ब्रशचा खर्चच वाचतो. ती तेलावरच्या कामाला सोयीची. अकीकाच्या ओपणीवर मात्र कंजूषी करू नये. तिच्या टोकावर बारीक जरी टवका असेल तर सोन्यावर ओरखडे पडतात. आणि झाडलेले तुकडे डबीत जमवायचे. सोनारांच्या दुकानातली माती गाळून सोनं काढणारे झारेकरी उगाच नव्हते.

कमी-जास्त सोन्याचं हे गणित आजचं नाही. इटलीचा चित्रकार चेन्निनो चेन्निनी याने १४०० च्या सुमारास कलेच्या तंत्रावर पुस्तक लिहिलं. सोनं ठोकणारे एका डकॅट नाण्यातून १४५ पानं काढतात, काढायला हवीत १००च, असं त्याचं म्हणणं होतं. सपाट कामाला त्याला जाड पान हवं होतं. दुकानदार बदलले, तक्रार तीच.

मराठी माणसाला एक जवळचा रस्ताही आहे, तो जातो तंजावरला. तिथल्या मराठा राजांच्या, विशेषतः दुसऱ्या सरफोजींच्या (कारकीर्द १७९८ ते १८३२) आश्रयाने बहरलेल्या तंजावर चित्रांतही खडूच्या पुडीचा उठावदार थर आणि वर सोनं असतं. तिथे वापरतात तो पत्रा वर्खापेक्षा जाड असतो, कात्रीने कापता येतो आणि गोंदाने बसवता येतो. या चित्रांचे वर्ग पुण्या-मुंबईतही चालतात. अकीकाची झळाळी तिथे शिकायला मिळणार नाही, पण थर कसा चढवायचा आणि सोनं नक्षीवर कसं दाबून बसवायचं, हे हाताला कळतं.

बाकी क्रम सोपा आहे. पहिला महिना पितळी पान आणि एखादी स्वस्तातली फोटोफ्रेम. नंतर गेसोचे आठ थर दिलेल्या दोन-तीन छोट्या फळ्या, सोन्याशिवाय, नुसत्या मातीपर्यंत. मातीवर ओपणी फिरवून बघायची. ती काचेसारखी चमकली तर सुटी चार खरी पानं आणायची. नाही चमकली तर पॉलिश पेपर घेऊन पुन्हा बसायचं. तिथे वाया जाईल ती दहा-वीस रुपयांची खडूची पूड.