हिमाचे पाणी आणि आपली कृष्णा

हिमालयात हिवाळ्यात साचलेले हिम उन्हाळ्यात वितळते. म्हणून सिंधू, गंगा या नद्यांना पावसाआधीही पाणी असते. तेथे हिमाची खोली व वजन मोजून पुढील पाण्याचा अंदाज बांधतात. महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या कृष्णा-कोयनांना हा आधार नाही. महाबळेश्वरास वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत येथे सुमारे ५००. तोही बहुतेक चार महिन्यांतच. कोयना धरण घाटावरचे पाणी साठविते. शेतातले पाणी मात्र शेतातच मुरविले पाहिजे. यास्तव शेतकरी बंधूंनी उतारास आडवे बांध पावसापूर्वी दुरुस्त करावेत. ग्रामकार्यकर्त्यांनी पावसाची नोंद रोज ठेवावी, पावसाळा संपताच विहिरींची पातळी मोजावी व त्यावरून रब्बीचे क्षेत्र ठरविण्यास साहाय्य करावे. जमिनीत मुरलेले पाणी हेच आपले हिम होय.