नाक चुकले, तर भाव कसला?

हौसेला मोल नसते म्हणतात. पण चित्रपटांतील पात्रांच्या महागड्या बाहुल्या जमवणाऱ्यांच्या दुनियेत मोल असते, आणि ते नाकाडोळ्यांवरून ठरते!

हाँगकाँगची ‘हॉट टॉइज’ ही २००० साली सुरू झालेली कंपनी यात नामांकित. तिच्या बहुतेक बाहुल्या मूळ माणसाच्या एकषष्ठांश, म्हणजे सहा फुटी नट एक फुटाचा! अंगात खरे कापडी कपडे, सांधे वाकणारे. काहींचे तर डोळेही फिरतात. किंमत अनेकदा २५० डॉलरच्या पुढे.

एवढे पैसे मोजणारा शौकीन साहजिकच चेहरा बारकाईने न्याहाळतो. ‘द डार्क नाइट’मधला जोकर साकारणारा हीथ लेजर २००८ साली, चित्रपट झळकण्याआधीच गेला. त्याच्या चाहत्याला बाहुलीत जोकर हवा असतो, तसा लेजरही.

वादाचे मूळ विक्रीच्या रीतीत आहे. नमुन्याची छायाचित्रे दाखवून कित्येक महिने आधी नोंदणी होते. नमुना निष्णात कारागिराच्या हातचा. कारखान्यात रंगवताना भुवई केसभर सरकली, तरी चेहरा परका वाटतो.

१९७८ साली अमेरिकेत केनर कंपनीच्या ‘स्टार वॉर्स’च्या पावणेचार इंची बाहुल्या आल्या, त्या मुलांच्या खेळासाठी. चेहरा ओळखू आला, की पुरे होते. आजच्या बाहुल्या काचेच्या कपाटात उभ्या राहतात. तिथे चूक झाकत नाही.

म्हणून जाणते शौकीन तयार बाहुली पाहूनच खिशात हात घालतात. मात्र तोवर ती संपली, तर चढा भाव मोजण्याची तयारी हवी!