नोंद साखळीत, फाईल मात्र बाहेरच
संगणकांतील थेट देवाणघेवाणीला ‘ब्लॉकचेन’चा आधार कितपत?

नाशिक – कागद खरा की बनावट, हा प्रश्न नाशिककरांना नवा नाही. मुद्रांक आणि पासपोर्टच्या पुस्तिका छापणारे इंडिया सिक्युरिटी प्रेस नाशिक रोडला आहे. २००१ मध्ये अटक झालेल्या अब्दुल करीम तेलगीच्या बनावट मुद्रांक प्रकरणात याच मुद्रणालयाने निकालात काढलेली यंत्रसामग्री त्याच्या हाती लागल्याचे उघड झाले होते. कागदाला निदान जलचिन्ह, विशिष्ट शाई असे आधार असतात. संगणकावरील फाईलला यांपैकी काहीही नसते. तिची नक्कल मुळाबरहुकूम निघते आणि फेरफार केलेली प्रतही वरवर मुळासारखीच दिसते.

गुणपत्रिका, जातीचा दाखला, खरेदीखत आता फाईलच्या रूपाने हातोहात फिरू लागल्याने तिची खातरजमा कशी करावी, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला आहे. त्याच्या उत्तरादाखल ‘ब्लॉकचेन’ तंत्रज्ञानाचे नाव पुढे येते. मात्र, या तंत्रज्ञानाने काय साधते आणि काय साधत नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे.

मध्यस्थाविना देवाणघेवाण

एरवी फाईल एखाद्या कंपनीच्या मध्यवर्ती संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर असते. तो बंद पडला की सर्वांचीच अडचण होते. यावर पर्याय म्हणून संगणकांनी एकमेकांकडून थेट फाईल घेण्याची पद्धत पुढे आली. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘नॅपस्टर’वर गाणी लोकांच्या संगणकांवर असत, परंतु त्यांची सूची मध्यवर्ती होती. स्वामित्वहक्काच्या खटल्यानंतर २००१ मध्ये ही सेवा बंद झाली. त्याच वर्षी ब्रॅम कोहेन यांनी ‘बिटटोरंट’ आणले. यात फाईलचे लहान लहान तुकडे होतात. घेणारा ते अनेकांकडून मिळवतो आणि मिळालेले तुकडे त्याच वेळी इतरांना देतो.

या पद्धतीत दोन उणिवा राहिल्या. आपले काम झाल्यावर इतरांसाठी संगणक चालू ठेवण्याचे कोणालाही बंधन नसते. त्यामुळे कमी मागणीच्या फाईली हळूहळू नाहीशा होतात. दुसरे म्हणजे, फाईल प्रथम कोणी व केव्हा दिली, याची खात्रीशीर नोंद कोठेही राहत नाही.

फाईलचा ठसा

या चर्चेत वारंवार येणारा शब्द म्हणजे ‘हॅश’. ठरावीक गणिती प्रक्रियेने कोणत्याही फाईलपासून एक खूण तयार करता येते. ‘एसएचए-२५६’ या प्रचलित पद्धतीत ही खूण अंक व अक्षरे मिळून ६४ चिन्हांची असते. फाईल एका पानाची असो वा तीन तासांच्या चित्रपटाची, खुणेची लांबी तेवढीच राहते. मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला, तरी संपूर्ण खूण बदलते. माणसाच्या बोटाच्या ठशाप्रमाणे हा फाईलचा ठसा म्हणता येईल.

हा ठसा नोंदविण्याची सामाईक वही म्हणजे ब्लॉकचेन. नाशिक व त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडील वह्यांत यजमानांच्या अनेक पिढ्यांच्या नोंदी सापडतात. मात्र, एका घराण्याची वही त्याच घरात असते. ब्लॉकचेनमध्ये तीच वही जाळ्यातील असंख्य संगणकांवर असते आणि नव्या पानावर आधीच्या पानाचा ठसा उमटवलेला असतो. जुन्या पानात खाडाखोड केल्यास पुढील सर्व पानांचे ठसे जुळेनासे होतात व फेरफार उघडा पडतो. सातोशी नाकामोटो या टोपणनावाने २००८ मध्ये मांडलेल्या ‘बिटकॉइन’मध्ये ही रचना प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरात आली.

फाईलच साखळीत का नको?

सर्वांकडे तीच वही असल्याने तिच्यात मोठ्या फाईली ठेवणे परवडत नाही. बिटकॉइनचे उदाहरण घेतल्यास साधारण दहा मिनिटांनी एक पान तयार होते. प्रत्येक पानात एक मेगाबाइट मजकूर धरला, तर एक गिगाबाइटच्या चित्रपटासाठी सुमारे हजार पाने, म्हणजे जवळजवळ सात दिवस लागतील. शिवाय, तो चित्रपट प्रत्येकाला कायम सांभाळावा लागेल. म्हणून सहसा साखळीत केवळ ठसा नोंदवला जातो आणि फाईल अन्यत्र ठेवली जाते.

ही जागा भरून काढण्यासाठी २०१५ मध्ये ‘आयपीएफएस’ ही व्यवस्था पुढे आली. तिच्यात फाईल कोठे आहे याऐवजी तिचा ठसा काय आहे, यावरून शोध घेतला जातो. ती कोणाकडूनही मिळाली, तरी ठसा जुळल्यास ती अस्सल प्रत ठरते. तथापि, ती जपून ठेवणारा कोणी तरी लागतोच. त्यासाठी ऑक्टोबर २०२० मध्ये ‘फाईलकॉइन’चे जाळे पूर्णपणे सुरू झाले. फाईल सांभाळणाऱ्यास येथे आभासी चलनात मोबदला मिळतो. आपल्याकडे ती अद्याप असल्याचा गणिती पुरावा त्याला ठरावीक काळाने द्यावा लागतो. न दिल्यास अनामत रकमेतून कपात होते.

एटापल्लीचा प्रयोग

महाराष्ट्रात या तंत्राचा वापर गडचिरोली जिल्ह्यात झाला. २०२२ मध्ये एटापल्ली उपविभागात सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रे ‘पॉलिगॉन’ या ब्लॉकचेनच्या आधारे देण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. प्रमाणपत्रावरील ‘क्यूआर’ कोड स्कॅन करून त्याची सत्यता पडताळण्याची यात सोय होती. बनावट दाखल्यांमुळे खऱ्या लाभार्थ्याचा हक्क हिरावला जातो, ही बाब लक्षात घेता अशा प्रयोगाचे महत्त्व कळते.

हीच पद्धत विद्यापीठांनाही वापरता येण्याजोगी आहे. नाशिकला मुख्यालय असलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी राज्यभर विखुरलेले आहेत. अशा संस्थेने गुणपत्रिकांचे ठसे साखळीत नोंदवल्यास दूरच्या कंपनीलाही नाशिकशी पत्रव्यवहार न करता पडताळणी करता येईल. मात्र, ठसा कोणीही नोंदवू शकतो. त्यामुळे तो विद्यापीठाच्याच डिजिटल स्वाक्षरीने नोंदवला गेला आहे, हेही तपासावे लागेल.

मर्यादा कोणत्या?

खोटी माहिती मुळातच नोंदवली गेली, तर साखळी तिला खरी करू शकत नाही. चुकीच्या व्यक्तीला दाखला दिला गेल्यास त्याचा ठसा तितक्याच चोखपणे जुळतो. कार्यालयातील छाननीला त्यामुळे पर्याय नाही.

दुसरा धोका मूळ फाईल हरवण्याचा आहे. ‘एफटीएक्स’ ही आभासी चलनाची बाजारपेठ नोव्हेंबर २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेल्यानंतर तिच्या सर्व्हरवर ठेवलेली काही डिजिटल चित्रे दिसेनाशी झाली. मालकीची नोंद साखळीत होती, पण चित्रच जागेवर नव्हते.

खासगीपणाचा प्रश्नही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नागरिकाला आपली माहिती पुसून टाकण्याची मागणी करण्याचा हक्क दिला आहे. साखळीतील नोंद मात्र पुसता येत नाही. त्यामुळे नाव, जात, जन्मतारीख थेट साखळीत लिहिणे टाळणे श्रेयस्कर. तसेच, स्वामित्वहक्क असलेला चित्रपट वा पुस्तक विनापरवाना वाटणे कोणत्याही तंत्राने कायदेशीर ठरत नाही.

कायद्यानेही ठशाची दखल घेतली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना जोडावयाच्या प्रमाणपत्रात फाईलचा हॅश नमूद करावा लागतो. तो काढण्यासाठी ब्लॉकचेनची गरज नाही. संगणकावरील साध्या आज्ञेनेही तो मिळतो.

नागरिकांच्या दृष्टीने सरकारी ‘डिजिलॉकर’मधील कागदपत्रे मूळ प्रतींसमान ग्राह्य धरण्याची तरतूद २०१६ च्या नियमांत आहे. ब्लॉकचेनवर नोंदवलेला दाखला मिळाल्यास त्याची मूळ फाईल किमान दोन ठिकाणी जपून ठेवावी. ती पुन्हा साठवताना, छायाचित्र काढताना किंवा आकार कमी करताना तिच्यात बदल होतो आणि ठसा जुळत नाही. म्हणून पडताळणीसाठी नेहमी मिळाली तशीच फाईल पाठवावी.