अभ्यासकाचे नाते आणि अभ्यासाचे मोल

अकोल्याच्या जुन्या शहरातील धम्मग्रंथांच्या वाचनात एक प्रश्न हमखास निघतो : आपल्या चळवळीविषयी विद्यापीठांतील पंडित जे लिहितात, ते कितपत ग्राह्य धरावे? लिहिणारा आतला असेल तर त्यास प्रचारक म्हणतात, बाहेरचा असेल तर उपरा.

हा वाद जगभर आहे. जपानमध्ये ओम शिनरिक्यो या संप्रदायाने २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारीन वायू सोडला. तत्पूर्वी धर्माभ्यासक हिरोमी शिमादा यांनी संप्रदायाची एक वास्तू पाहून ती उपासनास्थळ असल्याचा निर्वाळा दिला होता. तीच विषारी वायूची कार्यशाळा निघाली आणि शिमादांना प्राध्यापकपद सोडावे लागले. त्याच वर्षी मे महिन्यात जेम्स लुइस व गॉर्डन मेल्टन हे अमेरिकी अभ्यासक संप्रदायाच्या बाजूने बोलण्यास जपानला गेले. प्रवासखर्च संप्रदायानेच केला होता. पाहुणचार घेणाऱ्याची दृष्टी अधू होते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

प.पू. बाबासाहेबांच्या धम्मक्रांतीस अशा संप्रदायांच्या पंक्तीत बसविणे आम्हांस मान्य नाही. तथापि प्रश्न आपल्याही दाराशी आहे. अ‍ॅलन स्पॉनबर्ग हे अमेरिकेतील बौद्धविद्येचे प्राध्यापक. तेच पाश्चात्य बौद्ध संघाचे धर्मचारी सारमती. महास्थविर संघरक्षितांच्या प्रेरणेने १९७९ मध्ये भारतात सुरू झालेल्या त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाविषयी त्यांचा लेख १९९६ च्या एका अमेरिकी ग्रंथात आला. संघाचा सभासद संघाविषयी लिहितो, म्हणून लेख टाकाऊ ठरतो काय? आमच्या मते नाही. वस्त्यांतील काम जवळून पाहिल्याविना कळत नाही. परंतु पुढील वर्षी, १९९७ मध्ये, शिष्यांशी असलेल्या संबंधांवरून संघरक्षितांवर ब्रिटिश वृत्तपत्रात आरोप झाले आणि २०१६ मध्ये त्यांनी स्वतः खेद व्यक्त केला. लेख आधीचा, आरोप नंतरचे. त्याचा दोष लेखकास देणे अन्यायाचे होईल. तरीही असा लेख वाचताना लेखकाचे दुसरे नाव वाचकास ठाऊक असावे.

एलिनॉर झेलियट क्वेकर पंथाच्या. त्यांनी १९६९ मध्ये बाबासाहेबांच्या चळवळीवर प्रबंध सादर केला आणि धम्मदीक्षा न घेता आयुष्यभर स्नेह राखला. गेल ऑमव्हेट तर कासेगावात राहून चळवळीतच उतरल्या, १९८३ मध्ये भारताच्या नागरिक झाल्या. दोघींनीही आपले नाते कधी लपविले नाही. त्यांच्या काही निष्कर्षांशी आमचा मतभेद आहे. पण मतभेद करता येतो तो त्यांनी पुरावे समोर ठेवले म्हणूनच.

आतला माणूस नेहमी अनुकूलच असतो, हाही भ्रम. 'द बुद्ध अँड हिज धम्म'वर १९५९ मध्ये 'महाबोधि' मासिकात कठोर परीक्षण आले. ग्रंथास बुद्धांचे नव्हे, आंबेडकरांचे नाव द्यावे, असा त्याचा रोख. परीक्षक जीवक हे प्रव्रजित बौद्धच होते.