एस्टोनियाचे कर : ऐकीव समज आणि वस्तुस्थिती

बाल्टिक समुद्राच्या काठावरील एस्टोनिया या चौदा लाखांहूनही कमी लोकवस्तीच्या देशात कंपन्यांना कर नाही, इतरांना एकच माफक दर आहे आणि सरकारचा पसाराही नाममात्र आहे, असे चित्र अर्थविषयक चर्चांत वारंवार रंगवले जाते. ते निराधार नाही. मात्र त्यातील प्रत्येक विधान अर्धेच खरे आहे.

1 जानेवारी 2000 पासून तेथील कंपनीला नफा मिळवल्याबद्दल कर द्यावा लागत नाही, पण ही करमाफी नसून करआकारणीची वेळ पुढे ढकलण्याची तरतूद आहे. 100 युरोंचा नफा यंत्रसामग्रीत गुंतवला किंवा नुसता बँकेत पडून राहिला तरी कर शून्य. तोच नफा भागधारकांना वाटायचा ठरला, की 2025 पासूनच्या दराने 22 युरो सरकारजमा होतात आणि 78 युरो लाभांश म्हणून हाती पडतात. नफा मागच्या दाराने बाहेर काढता येऊ नये, यासाठी कर्मचाऱ्यांना दिलेले वस्तुरूप लाभ आणि व्यवसायाशी संबंध नसलेला खर्च यांवरही कंपनीलाच कर भरावा लागतो. या पद्धतीचा खरा फायदा दराहून अधिक तिच्या सुटसुटीतपणात आहे, कारण घसारा, म्हणजे यंत्राच्या किमतीत दरवर्षी धरली जाणारी घट, करासाठी वेगळी मोजण्याची गरजच उरत नाही.

एकाच दराच्या प्राप्तिकराची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. पेशाने इतिहासकार असलेले पंतप्रधान मार्त लार यांच्या काळात 1994 पासून 26 टक्क्यांचा सरसकट दर आला, पुढे तो टप्प्याटप्प्याने 20 टक्क्यांवर उतरला आणि 2025 मध्ये पुन्हा 22 टक्के झाला. मात्र दर एकच असला तरी करमुक्त रकमेमुळे प्रत्यक्ष भार सर्वांवर सारखा पडत नाही. 2018 मध्ये तर ही रक्कम उत्पन्नाशीच जोडली गेली : महिना 1,200 युरोंपर्यंतच्या मिळकतीला 500 युरो करमुक्त होते, त्यापुढे ही सवलत घटत जाऊन 2,100 युरोंना शून्यावर येत असे. इतर कपाती बाजूला ठेवल्या, तर 1,200 युरोंवर 140 युरो आणि 2,100 युरोंवर 420 युरो कर होई, म्हणजे मधल्या 900 युरोंवर 280 युरो, सुमारे 31 टक्के. त्याहून अधिक कमावणाऱ्याच्या पुढच्या प्रत्येक युरोवर मात्र 20 टक्केच कर लागे. सर्वांत चढा दर मध्यमवर्गाच्याच वाट्याला यावा, हे सरसकट दराच्या समर्थकांना आणि विरोधकांना सारखेच अनपेक्षित होते.

'कमी कराचा देश' ही ख्यातीही तपासून घ्यावी लागते. करांचे सकल देशांतर्गत उत्पादनाशी, अर्थात देशात वर्षभरात निर्माण झालेल्या वस्तू-सेवांच्या मूल्याशी, असलेले प्रमाण तेथे साधारण एक तृतीयांश आहे आणि विकसित देशांची सरासरीही त्याच्या आसपासच आहे. कर दिसत नाही, कारण तो पगाराच्या चिठ्ठीत आणि दुकानाच्या पावतीत विखुरलेला असतो : 1,000 युरो पगारामागे मालकाला 330 युरो सामाजिक कर वेगळा भरावा लागतो, त्यातले 200 निवृत्तिवेतनासाठी आणि 130 आरोग्यविम्यासाठी; तर वस्तू व सेवांवरील मूल्यवर्धित कर 2009 पर्यंतच्या 18 टक्क्यांवरून 2025 मध्ये 24 टक्क्यांवर गेला आहे.

2014 च्या डिसेंबरात सुरू झालेले ई-निवासित्व करसवलत देते, हा समज भारतातही आढळतो. प्रत्यक्षात ती केवळ डिजिटल ओळख असून तिच्या आधारे दुरून कंपनी स्थापता येते. पुण्यात राहून ती चालवणाऱ्याचे भारतातील करदायित्व त्यामुळे सुटत नाही.

कमी सार्वजनिक कर्ज हे मात्र खरेच वैशिष्ट्य आहे. 1992 मध्ये आणलेले क्रून हे चलन जर्मन मार्काशी आठास एक या दराने बांधलेले होते आणि प्रत्येक क्रूनामागे परकीय चलनाचा साठा लागत असल्याने नोटा छापून तूट भरण्याची वाटच बंद होती. 2009 मध्ये उत्पादन सुमारे 14 टक्क्यांनी घसरले असतानाही सरकारने खर्च कापले, कर वाढवले आणि 2011 मध्ये युरो स्वीकारला; त्याची किंमत बेरोजगारी आणि स्थलांतर यांच्या रूपाने लोकांनी मोजली, हे कौतुकाच्या भरात बहुधा गाळले जाते. रशियाच्या युक्रेनवरील आक्रमणानंतर संरक्षणखर्च झपाट्याने वाढला असून कर्जही उत्पादनाच्या 20 टक्क्यांपलीकडे गेले आहे, आणि इतकी वर्षे मोटारींवर वार्षिक कर नसलेल्या या देशात 2025 पासून तोही सुरू झाला आहे.