घाईचा टोफू

सौ.ला दूध पचेनासे झाले आणि आमच्या घरातले पनीर बंद झाले. मी सोयाबीनच्या दुधाचा टोफू आणला. पहिल्या दिवशीचे मिळमिळीत तुकडे तिने मुकाट्याने गिळले. तेच मला लागले.

चूक पाण्याची होती. ओल्या वडीत चव मुरत नाही. आता वडी फडक्यात गुंडाळून वर अर्धा तास वरवंटा ठेवतो. मग तुकड्यांना तेल चोळून ओव्हनमध्ये २०० अंशांवर २५ मिनिटे भाजतो. सोया सॉस, गूळ, आले, लसूण आटवून केलेला पाक शेवटच्या पाच मिनिटांसाठीच लावायचा. आधी लावला तर गूळ करपतो.

बँकेत घाईच्या कर्जांना जन्मभर नकार दिला. स्वयंपाकघरात मात्र मीच घाई करत होतो. परवा सौ. म्हणाली, "अहो, अजून दोन वाढा."